मानाची शाल आणि कोरडा ठोका

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सोमेश्वर आबा, व्यासपीठावरील पाहुण्या साधनाताई, कापूरहोळच्या बँडचे ड्रमवादक आणि आजचे सत्कारमूर्ती सावळारामदादा, आणि पार हिर्डोशी-गुंजवण्यापासून कामं टाकून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

दादांविषयी चार शब्द बोलायला मला उभं केलंय. भाषण तयार होतं. पण दादांच्या खांद्यावर आत्ता शाल पडली आणि ते सगळं पुसलं गेलं.

दादांचं मनगट आता साथ देत नाही, म्हणून ते थांबतायत. जाता जाता माझ्या स्टुडिओत त्यांनी एक गाणं वाजवलं. भाषणानंतर ते इथं ऐकवायचंही ठरलंय. स्पीकर मीच लावलेत. पुण्याच्या काही मंडळींना फंक हवं होतं, म्हणजे अमेरिकेतलं पन्नासेक वर्षांपूर्वीचं नाचाचं संगीत. त्यातला ड्रम कसा असतो? आवळलेला, कोरडा. काठी पडली की 'टप्', मागं शेपूट नाही. रेकॉर्डिंग मी कुणाकडे शिकलो नाही, हे मी चारचौघांत फार तोऱ्यात सांगतो. पण तो ठोका मला सापडेना. गोधडी टाकली, आवाज मेला. पंचा टाकला, घुमणं जाईना. माईक बोटबोटभर सरकवून पाहिले. शेवटी कपाटातली लोकरीची शाल ड्रमवर अंथरली, कडेनं चिकटपट्टी मारली. आणि आला की हो! हुबेहूब!

दादांनी काठ्या खाली ठेवल्या. "शाल नवी दिसती. कुणाची हाय रं?"

"जुनी आहे, दादा."

"मानाची असंल तर काढ बाबा. मानावर म्या काठी न्हाई हाणायचो."

"अहो, फडकं आहे ते! वाजवा तुम्ही."

आणि दादांनी दिवसभर वाजवली.

मंडळींनो, ती शाल कुणाची होती? समितीनं आजच्या सत्कारासाठी आणून माझ्याकडे सांभाळायला दिलेली! भोरला जाऊन दुसरी आणीन, असं मनाशी म्हणत राहिलो. आज सकाळी निघणारच होतो. पण तो ठोका पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. कानांवर हेडफोन. तेवढ्यात समितीच्या प्रगतीताई आल्या, कपाटातून शाल घेऊन गेल्या. त्यांची यात काही चूक नाही.

नीट बघा. दादांच्या डाव्या खांद्यावर डब्याच्या झाकणाएवढी लोकर झिजलीय. कडेला पट्टीचा चिकटा आहे. मी उभा राहिल्यापासून दादा त्यावरून अंगठा फिरवतायत. त्यांना कळलंय. जन्मभर दुसऱ्यांच्या वरातीत वाजवलेल्या माणसाची ही पहिली शाल, आणि मी तिला फडकं म्हणालो.

दादा, मलाही आज एक शाल मिळालीय. कोरी आहे. ही घ्या, ती मला द्या.

काय म्हणता? मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. दादा म्हणतायत, "ऱ्हाऊ दे. ही माजी हाय. पन त्ये गानं आज लावू नगंस."

नाही लावत, दादा.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, मी आपल्या सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते पोटात घाला. शालीचं तेवढं घालू नका.