दहा पावलं

चंद्रपूरच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, माझ्या बाकावर दोघं फोटोवाले बसले होते. आत त्यांच्या वाटाड्यावर, इस्तारीवर, ऑपरेशन चालू होतं; समोर भिंतीशी त्याची बायको बसली होती.

“भूपेश, दूरचं मोठं दाखवते तो जुना क्रॉप सेन्सरवाला कॅमेरा काऊन नाई नेला?”

“सांजच्या उजेडात त्याचे फोटो खराब येतेत. हा नवा फुल फ्रेम कॅमेरा अंधारातबी साफ काढते.”

“पण त्याच लेन्समधून याच्यात वाघीण लहान दिसते न?”

“म्हणून तर इस्तारीभाऊले म्हटलं, अजून दहा पावलं पुढं चला.”

“तो काई बोलला नाई?”

“बोलला, तिच्यासंग पिल्लं हायेत म्हणून. मंग माह्या शब्दाखातर गेला.”

“फोटो आला?”

“आला. एकदम साफ.”

“भाऊ, डॉक्टर मले आत जाऊ देऊन नाई राह्यले. तुमच्या फोटोत हे दिसतेत का?”