बाईंनी फक्त नाव बदललं

विद्यापीठाच्या मोठ्या खुर्चीतल्या साहेबा, एका लेकीच्या मनातलं चव्हाट्यावर मांडायचा हुकूम तू दिलास! तू!

मंडळी, ऐका. विश्वासानं सांगितलेलं गुपित नाव बदलून छापलं, तर पाप टळतं का?

वाघचौरेबाई विद्यापीठात शिकवायच्या. विषय काय? — मोबाईलच्या काळात माणसाचं खाजगीपण! वर्गात दरडावायच्या, "पासवर्ड सख्ख्या आईलाही सांगू नका!" पोरं माना डोलवायची, अन् बाहेर जाऊन मित्राला सांगायची. हसताय काय? तुमचा पासवर्ड नातवाला पाठ आहे!

तर बाई संशोधनाला एका गावी गेल्या. तिथं वैजयंता, पिठाची गिरणी चालवणारी. (गिरणी मी म्हणतोय. खरा धंदा दुसराच, अन् नावही दुसरंच. विचारू नका!) ती हळूच म्हणाली, "बाई, घरचे लग्न जमवतायत. मी गुपचूप पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. कळलं तर मेले मी!"

"अगं, तुझं नाव कुठंच येणार नाही."

अन् बाईंनी शब्द पाळला! नाव बदललं. पण अहवालात गावाचं नाव द्यायची त्यांची रीत. म्हणून लिहिलं — अमुक गाव, वय एकोणीस, गावातली एकुलती एक गिरणी चालवते! आता राहिलं काय? फोटो?

तरी तो अहवाल कपाटात होता. साहेब म्हणाला, "तपासणी समिती येतेय. सगळं वेबसाईटवर चढवा!"

"साहेब, त्यात मुलींच्या मुलाखती —"

"नावं बदललीत ना? मग करा सही!"

बाईंचा हात अडला. पण सही झाली. ती सही त्यांना आजही झोपू देत नाही.

आठ दिवसांत ते पान गावच्या ग्रुपवर! भावानं वैजयंताचा मोबाईल फोडला, तिला घरात कोंडलं. भरतीचा दिवस आला अन् गेला.

बाई धावत गेल्या. हात जोडले. "चुकले गं."

वैजयंता पिठाचे हात झटकत म्हणाली, "मैदानावर माझा नंबर पुकारला असंल, बाई. दोनदा पुकारतात म्हणे."

 

साहेबाला देव बघेल. पण मंडळी, ते पान ग्रुपवर आपल्या पायानं चालत गेलं नाही! माना खाली घालू नका. मागच्या महिन्यात परक्याच्या लेकीबद्दल जे तुमच्या मोबाईलवर आलं — ते पुढं कुणाकुणाला पाठवलंत? बोला!