बंद डोळ्यांची फाईल

माजं म्हायेर मुदखेड. ठेसनाच्या मागंच आमचं घर, वडील रेल्वेत गँगमन, म्हनून लहानपनापासून गाडीच्या शिट्टीवर उठायची, शिट्टीवर जेवायची सवय, आन् लगीन होऊन औशाला आले तर शिट्टीच न्हाई, नुसते यष्टीचे हॉर्न, मला झोपच येईना, काय सांगू तुमाला. सासूबाई म्हनायच्या, हिला काय झालं, रातभर टक्क डोळे उघडे ठेवून पडती. डोळे उघडे ठेवायचं मला तवापासूनच ठावं हाय म्हना.

आमचं दुकान म्हंजी फोटो स्टुडिओ. सासऱ्यांनी टाकलेला, मंग ह्यांनी चालवला. ह्यांचं नाव मन्मथअप्पा, एरवी मी घेत न्हाई, तुमी लिहून घेऊन राहिलात म्हनून घेतलं. मानूस लई शांत. गिऱ्हाईक कसंबी वाकडं बोललं तरी हे आपले कॅमेऱ्यामागून म्हननार, डोळे उघडे ठेवा, हलू नका. तेवढंच बोलनं. राग करायचं काम माज्याकडं, ते मी बराबर करते.

आता मी काय सांगून राहिले ते कळायचं तर तुमाला आमची एक रीत ठावं पाहिजे. आमी लिंगायत. आमच्यात मानूस गेलं की आडवं न्हेत न्हाईत, बसवून न्हेतात. आंघोळ घालायची, कपाळभर इभूती लावायची, हार घालायचे आन् खुर्चीत बसवायचं, जित्या मानसासारखं. आन् तवाच फोटो काढायचा. पूर्वी खेड्यातल्या म्हाताऱ्या मानसाचा जिंदगीत दुसरा फोटोच नसायचा, हाच एक. पन त्यात डोळे बंद असतात न्हवं? मंग भिंतीवर बंद डोळ्याचा बाप कोन लावंल? म्हनून ते डोळे उघडायचे. सासरे बारीक ब्रशनं उघडायचे, हे कंप्यूटरवर उघडतात. त्याच मानसाचा जुना फोटो असला तर त्यातले डोळे उचलायचे, नसला तर भावाचे, न्हाई तर पोराचे. आजकाल मोबाईलात शंभर फोटो असतात तरी घरचं म्हातारं कुनी हट्ट धरतंच, अप्पा, बसवलेलाच फोटो पाहिजे, डोळे तेवढे उघडून द्या.

आन् सासऱ्यांनी एक नेम घालून दिल्ता. बंद डोळ्याचं मानूस दुकानात ठेवायचं न्हाई. काम हाती घेतलं की डोळे उघडूनच उठायचं, न्हाई झालं तर कागद फाडून टाकायचा, उद्या नव्यानं. कामून, ते कुनी सांगितलं न्हाई, आन् मी इचारलं न्हाई. कंप्यूटर आला तसा ह्यांनी तोच नेम तिथं लावला. बंद डोळ्याची फाईल सेव्ह करायची न्हाई. डोळे बसले तर सेव्ह, न्हाई बसले तर तसंच बंद करून टाकायचं, उद्या कॅमेऱ्यातून पुन्हा घ्यायचं.

मी कंप्यूटर शिकले ते ह्यांच्या बाजूला बसून. माज्याकडं काय, तर मागचा पडदा बदलायचा, हार घालायचा, नाव टाकायचं, रंग उजळायचा. डोळ्याचं काम मी कधी केलं न्हाई. ते ह्यांचं. मी बगायची बी न्हाई, खरं सांगते, अंगावर काटा यायचा.

पन त्या कंप्यूटरचा मला लई वैताग. अहो, किती इचारतं ते! काम झालं, बंद करायला गेलं की पाटी येती, बदल सेव्ह करायचे का, येस, नो, कॅन्सल. येस म्हनलं की कोनत्या नावानं. नाव दिलं की कोनत्या जातीची फाईल. ते सांगितलं की क्वालिटी किती. ते बी सांगितलं की म्हनतं, ह्या नावाची फाईल आधीच हाय, तिच्यावर घालू का? आरं बाबा, घाल न्हाईतर घालू नको, गिऱ्हाईकाची यष्टी सुटून राहिली. सासूबाईंनी बी मला कधी एवढं इचारलं न्हवतं. मी मोठ्यानं शिव्या द्यायची त्या पाटीला आन् हे मागं बसून गालात हसायचे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचं असं असतंय, दुपारी मी घरून डबा घेऊन दुकानात येते, हे जेवतात, मागच्या खोलीत जरा पडतात, आन् मी कंप्यूटर ताब्यात घेते. तर मला रोज एक गोष्ट दिसायला लागली. मी आले की पहिल्यांदा ह्यांचं जे उघडं असंल ते बंद करायची, आन् बंद करताना पाटी यायची, बदल सेव्ह करायचे का. फाईलीला नाव न्हाई, गाव न्हाई. म्हनलं, डोळ्याचं काम असंल, अर्धं राह्यलं असंल. नेमापरमानं मी नो दाबायची. रोज पाटी, रोज नो. चित्र काय हाय ते बगायच्या भानगडीत मी पडलेच न्हाई, नकोच वाटायचं ते. आन् हे बी कधी म्हनले न्हाईत का अगं, माजं काम कामून घालवलंस.

तवाच हे वाळत चालल्ते. मला वाटलं जेवन कमी झालंय म्हनून. उन्हाचं बी पूर्ण बाह्याचा सदरा घालून बसायचे. लातूरला फ्रेमा आनायला जायचे ते आता लई वेळा जायला लागले, आन् येताना आधी हातात दोन-दोन फ्रेमा, मंग नुसते मोकळे हात. म्हनलं, फ्रेमा कुठं हायत? म्हनायचे, माल आला न्हाई. मला काय, मी माल न्हाई म्हनून त्या लातूरच्या दुकानदाराला शिव्या घातल्या.

मंग एक दिस ती पाटी अडकली. नो दाबलं तरी जाईना. कंप्यूटर गार पडलं, ती पाटी मधोमध तशीच, आन् तिच्या मागं चित्र. बगायचं न्हाई म्हनलं तरी किती वेळ दुसरीकडं बगनार? खुर्ची आमच्याच स्टुडिओतली. खुर्चीत मानूस बसलेलं, कपाळभर इभूती, डोळे बंद. तोंडाचा अर्धा भाग त्या पाटीखाली झाकलेला. म्हनलं, हे कोन, ह्यांना आपल्या दुकानात आनून कसं बसवलं? आन् मंग माजी नजर सदऱ्यावर गेली. तिसरं बटन निळं. बाकीची पांढरी. ते बटन मी लावल्तं, पांढरं सापडलं न्हाई म्हनून, माज्याच हातानं.

बाई गं. मागच्या खोलीतून ह्यांच्या घोरन्याचा आवाज येऊन राहिला व्हता, म्हनून तेवढी बसून राह्यले, न्हाई तर वरडलेच असते. मी कान देऊन ते घोरनं ऐकत बसले. जरा थांबलं की माजा जीव वर, पुन्हा चालू झालं की खाली.

ह्यांनी कॅमेऱ्याला टायमर लावून सोताचा फोटो काढला व्हता. सोताच इभूती लावून, सोताच डोळे मिटून. लोकं एवढं काय काय करतात, पन असलं कुनी करतं का, सांगा तुमी?

मी लातूरला फ्रेमवाल्याला फोन लावला. म्हनलं, माल आला का? तो म्हनला, वैनी, माल तर कवाचा पडून हाय, अप्पाच लई दिस झाले आले न्हाईत. मी बरं म्हनले आन् ठेवून दिला. संध्याकाळी ह्यांनी हातपाय धुताना बाही वर केली, तवा कोपरापाशी सुयांचे डाग दिसले, काळेनिळे. मी टॉवेल पुढं केला. मला वाटलं, बोलले की ते खरं व्हईल.

आन् तुमाला काय सांगू, दुसऱ्या दिसापासून तीच पाटी, जिला मी शिव्या द्यायची, तिची मी वाट बगायला लागले. दुपारी आले की बंद करायची, ती इचारायची, सेव्ह करायचं का, आन् मी नो म्हनायची. आधी सवयीनं म्हनत व्हते, आता देवाचं नाव घेऊन म्हनत व्हते. मला असं वाटायला लागलं का जवर मी नो म्हनते तवर ते पुरं व्हनार न्हाई, आन् ते पुरं झालं न्हाई तवर ह्यांना काय व्हनार न्हाई. येडेपना हाय, मला कळतंय. पन कळून काय करता?

आमची एकच लेक, तेजू. नांदेडला विष्णुपुरीला इंजिनेरिंगला हाय, होस्टेलला राहती. ती सुट्टीत आली. दुकानात बसली आन् तिनं बगितलं, आई पाटी आली की थांबती, डोळे मिटती, मंग दाबती. हसायला लागली. म्हनली, आई, तू अजून ह्या बॉक्सला भेतीस व्हय, मी सेटिंग करून देते, ते इचारनारच न्हाई, आपलं आपुन सगळं सेव्ह करंल. मी म्हनलं, नको. ती म्हनली, अगं कामून नको, तूच तर शिव्या देतीस. मी म्हनलं, नको म्हनले ना एकदा, हात लावायचा न्हाई त्याला. एवढ्या जोरात म्हनले का तिनं माऊसवरचा हात काढला. पन लेकीची जात, आईचा वैताग कमी करावा म्हनून जायच्या दिशी सकाळी गुपचूप करून गेली. माया व्हती हो ती, दुसरं काय न्हाई.

त्या दुपारी मी डबा घेऊन आले. हे जेवून आत गेले. मी बंद करायला गेले आन् ते बंद झालं. इचारलं न्हाई. पाटीच आली न्हाई. काळा पडदा, आन् त्यात माजं तोंड. मी तशीच बसले, म्हनलं आता येईल, आता येईल. मंग फोल्डर उघडून बगितलं तर हाय तिथं फाईल. उघडली.

एक डोळा उघडा व्हता आन् एक बंद.

कंप्यूटरनं मधीच सेव्ह केल्तं, दुसरा डोळा बसवायच्या आत. त्या एका डोळ्यानं ते माज्याकडं बगून राहिल्ते, आन् दुसरा मिटलेला. मी लई मेल्यांचे हार घातलेत, नावं टाकलीत, पन असं भ्या मला कधी वाटलं न्हाई. आन् मागं बगते तर हे खोलीच्या दारात उभे. कवाचे उभे व्हते देव जाने.

मी म्हनलं, लातूरला कोनाकडं जाता? हे म्हनले, डॉक्टरकडं. मी म्हनलं, काय म्हनला तो? हे म्हनले, लिव्हर गेलंय, औषधावर जेवढं चालंल तेवढं. जसं काय म्हनतात, फोटो उद्या मिळंल, तसं. मी रडले, भांडले, तोंडाला येईल ते बोलले, सांगितलं न्हाईत, एकटे जात राह्यलात, आन् हे काय अभद्र करून ठेवलंय. हे सगळं ऐकून घेऊन खुर्ची वढून बाजूला बसले. म्हनले, माज्या येळेला डोळे कोन उघडंल, ह्याची फिकीर व्हती. तुला ते काम कधी दिलं न्हाई मी, आन् डोळे उघडे ठेवून काढला तर तो बसवलेला फोटो न्हाई, जित्या मानसाचा व्हतो. तुज्यावर ती पाळी नको म्हनून आधीच करून ठेवत व्हतो, तर रोज तू नो दाबून जायचीस.

मी म्हनलं, मंग बोलायचं ना.

हे म्हनले, बोललो असतो तर इचारलं असतंस.

मंग हात पुढं केला. तो थरथरून राहिला व्हता, तवर मला ते दिसलंच न्हवतं. म्हनले, एक डोळा कसाबसा बसला, दुसरा न्हाई बसत आता माज्यानं. तू बसव. मी शिकवतो.

ती एका डोळ्याची फाईल मी त्याच दिशी पुसून टाकली. तेजूला फोन केला, म्हनलं तुजं ते सेटिंग कसं काढायचं ते सांग, मला इचारलेलं पाहिजे. ती म्हनली, आई, तुजं काय कळतच न्हाई. तिला अजून सांगितलं न्हाई आमी. परीक्षा व्हऊ द्या म्हनतात हे. तुमी लिहिसाल त्यो कागद तवर तिच्या हाती पडू देऊ नका, एवढं करा.

तवापासून रोज दुपारी हे जेवले की झोपत न्हाईत. माज्या बाजूला बसतात आन् मी ह्यांचे डोळे उघडायला शिकते. हे कायम कॅमेऱ्यामागं, म्हनून उघड्या डोळ्याचा एकच चांगला फोटो हाय ह्यांचा, तेजूच्या बारशाचा, त्यातून उचलायचे. कडा मऊ करायची, पापनीची सावली ठेवायची, आन् बुबुळात पांढरा ठिपका असतोय तो उजेड ज्या बाजूनं आलाय त्याच बाजूला पाहिजे, न्हाई तर मानूस बगतंय असं वाटत न्हाई. मी मुद्दाम चुकवते. कधी डोळा मोठा करते, कधी ठिपका उलट्या बाजूला टाकते. ह्यांना कळतंय. म्हनतात, ऱ्हाऊ दे, उद्या पुन्हा बसू. मी बंद करते, पाटी येती, मी नो दाबते, आन् तो दिस आमचा असतोय.

पन काल काय झालं सांगू का. मी चुकवायचं इसरले. बोलत बोलत, तेजूच्या बारशाचंच कायतरी बोलून राहिलो व्हतो आमी, आन् माजा हात आपला चालत राह्यला, आन् दोन्ही डोळे बसले. बराबर बसले. ठिपका बी बराबर. हे खुर्चीत बसलेले, कपाळाला इभूती, आन् माज्याकडं बगून राहिलेले. आन् बाजूला खरे हे, ते पडद्याकडं बगून राहिलेले.

मी बंद करायला गेले. पाटी आली. मी नो दाबलं.

हे खुर्ची मागं सारून उठले. मंग म्हनले, येऊन राहिलं बरं का आता तुला.

असं हाय बगा. चहा घ्या, गार व्हऊन राहिला. दोन वाजत आलेत, हे मागच्या खोलीतून जेवून येतील, मला बसावं लागंल. तुमच्या मानसाला सुखी ठेवो तो महादेव. आन् आलाच हायत तर तुमचा एक फोटो काढून घ्या त्यांच्याकडून, हात थरथरला तरी कॅमेरा स्टँडवर असतोय, फोटो चांगला येतो. ते म्हनतील तसं करा तेवढं, डोळे उघडे ठेवा, हलू नका.