हरताळाच्या दिवसाचं आभाळ

(लालबागमधल्या एका चाळीची गच्ची. दुपार. शेजारच्या गिरणीचं धुराडं चालू आहे.)

अंबिका : पुसू नको रे जयवंता, फुंकर मार. काजळी पुसली की पसरते.

जयवंत : पसरलीच, काकी. नेमकी फोटोतल्या तुमच्या चेहऱ्यावर.

दुर्गा : बघू? हां, आत्ता खरी अंबिकाबाई दिसाय लागली. मघाशी लई गोरी दिसत हुती.

जयवंत : दुर्गामावशी, थट्टा नको. कॅलेंडरचा हा एकच नमुना आहे. उद्या साहेबांना परत द्यायचाय.

अंबिका : मग मेल्या, गच्चीवर कशाक उघडलास? खाली खोलीत दाखवायचा.

जयवंत : तुम्ही इथे पापडांपाशी, म्हणून वर आलो. बघा तरी. ही शेजारची गिरणी आमच्या जाहिरात कंपनीचं गिऱ्हाईक आहे. नव्या वर्षाचं त्यांचं कॅलेंडर आम्ही करतोय. वर हा फोटो, खाली बारा महिने. आणि फोटो कोणी काढलाय? मी.

अंबिका : तुझी आई असती तर पेढे वाटले असते रे तिने.

दुर्गा : आन् ह्यात मी कुठं हाय?

जयवंत : हे काय, तुमचा कोपर.

दुर्गा : नुसता कोपर? सगळं पापड मी लाटलं आन् फोटू हिचा.

अंबिका : गप गो. खाली काय लिहिलंय ते वाच, झिला. मला वाचता येत नाही.

जयवंत : तेच सांगायला आलोय. 'वीस वर्षं मी या गच्चीवर पापड वाळवते. गिरणीने धुराड्याला नवं यंत्र बसवलं, तेव्हापासून माझ्या एकाही पापडावर काजळीचा ठिपका नाही. अंबिकाबाई, लालबाग.'

दुर्गा : हे कवा बोललीस गं तू?

अंबिका : झोपेत बोलले असेन.

जयवंत : साहेबांनी लिहिलंय. तुमचा अंगठा मिळाला की छापायला जाईल. आणि काकी, फुकट नाही. गिरणीच्या कॅन्टीनचे सगळे पापड तुमच्याकडून घेतील. रोजचे. दुर्गामावशींनाही बारमाही काम होईल.

दुर्गा : बारमाही?

जयवंत : बारमाही.

अंबिका : तुझं काय म्हणणं गो?

दुर्गा : काय बोलू? पावसाळ्यात हाताला काम नसतं. तुला ठावं हाय.

जयवंत : आणि यंत्र त्यांनी खरंच बसवलंय. ते काही खोटं नाही.

अंबिका : बसवलंय ना. माझाच मुलगा दत्ताराम तिथे बॉयलरवर आहे. पहिला महिनाभर बरं चाललं, धूर खरंच कमी झाला. मी देवाला साखर ठेवली. मग ते काजळीने भरलं. साफ करायचं तर बॉयलर बंद ठेवावा लागतो, आणि बॉयलर कोण बंद ठेवतो? आता ते वर नुसतं बसलंय, मोडक्या घड्याळासारखं.

जयवंत : पण फोटो खोटा नाही ना, काकी? बघा, पापड कसे पांढरेशुभ्र आहेत. मागे धुराडं, त्यातून धुराची रेघसुद्धा नाही.

अंबिका : कुठल्या दिवशी काढलास तो?

जयवंत : हरताळाच्या.

दुर्गा : आरं देवा. व्हय की.

अंबिका : मुंबई मराठी राज्यात राहावी म्हणून अख्खं शहर बंद. गिरण्या बंद, सगळी धुराडी गार. आदल्या दिवशीच पीठ मळून ठेवलं मी. म्हटलं, उद्या आभाळ आपलं आहे.

दुर्गा : चाळीतल्या समद्या बाया वर आल्या हुत्या. माझ्या सासूनं तर गोधड्यापण आणल्या. असं ऊन तिनं हितं कधी बघितलंच नव्हतं.

जयवंत : मलाही म्हणूनच कॅमेरा घेऊन यावंसं वाटलं. ऑफिस बंद होतं, उजेड सुरेख होता. तेव्हा मनात जाहिरात वगैरे काही नव्हतं, काकी, तुमच्या पायाची शपथ. साहेबांनी नंतर टेबलावर बघितला. म्हणाले, बाई काय निवांत आभाळाकडे बघतेय.

अंबिका : आभाळाकडे?

जयवंत : तसंच वाटतं फोटोत.

अंबिका : मी रस्त्याकडे बघत होते रे. दत्ताराम सकाळपासून मोर्च्यात. दुपारी बातमी आली की गोळी सुटली. इथून नाक्यापर्यंत दिसतं, म्हणून मी उभी. दिवेलागणीला त्याची टोपी दिसली तेव्हा कुठे मी पापड उचलायला वाकले. आणि तुझा साहेब म्हणतो निवांत.

जयवंत : मला माहीत नव्हतं.

अंबिका : तुला कसं माहीत असणार? तू कॅमेऱ्यात बघत होतास.

दुर्गा : आन् सोमवारचं काय गं? म्युन्शिपालटीत आपल्या धुराच्या अर्जाची सुनावणी हाय. माझी पोर खोकून खोकून निळी पडती, म्हणून त्यो अर्ज. पैला अंगठा हिचाच हाय, जयवंता. गिरणीवाल्यानी तिथं हे कॅलिंडर काढून दावलं तर?

जयवंत : दाखवतील. साहेब म्हणालेच, गिरणीला ते सोमवारच्या आत हवंय. का, ते मी विचारलं नाही.

अंबिका : विचारायचं होतंस.

जयवंत : नवीन नोकरी आहे, काकी. अजून कायम नाही केलेलं. हे झालं की करतो म्हणालेत. घरी बायकोचे दिवस भरत आलेत.

अंबिका : दुर्गे, तुझं काम जाईल गो.

दुर्गा : जाऊंदे. पोर राह्यली तर काम मिळंल.

अंबिका : मग ऐक, जयवंता. फोटो खरा आहे, तो राहू दे. माझ्या नावाचं वाक्य काढ. त्याच्या जागी फोटो कधी काढला ते घाल. दिवस, महिना, साल. त्यावर देते अंगठा.

जयवंत : फक्त तारीख?

अंबिका : फक्त तारीख.

जयवंत : काकी, ती तारीख कुणीही वाचली तरी त्याला कळेल धूर का नव्हता. शेंबड्या पोरालासुद्धा.

अंबिका : मी तर काहीच सांगितलं नाही. तारखेत खोटं काय आहे?

जयवंत : साहेब छापणार नाहीत.

अंबिका : मग माझं तोंडही छापायचं नाही. सोमवारी मी आणि दुर्गा जातो, आणि जे आहे ते सांगतो. तुझ्यावर माझा राग नाही. जेवायला येत जा पहिल्यासारखा.

जयवंत : ते विचारतील, फोटोखाली तारीख कशाला हवी बाईला?

दुर्गा : सांग त्यास्नी, कॅलिंडर हाय म्हणून.

जयवंत : खाली थोडी जागा आहे. इथेच पेनाने लिहितो आणि तसाच त्यांच्यापुढे ठेवतो. नोकरीचं मग बघू.

अंबिका : लिही. पण आधी फुंकर मार, काजळी परत बसली बघ.