नऊ सेकंदांची ओळ

(दुपारचे सव्वादोन. ऑफिसातली काचेची छोटी खोली. टीमची प्रमुख लीडबाई, शेजारी साहेब. टेबलावर एक लॅपटॉप, स्पीकरवर लावलेला फोन.)

लीडबाई: मुकादम, शेजारी साहेब बसलेत. पुन्हा एकदा सांगा, सकाळी गोदामात काय झालं.

मुकादम: तिसऱ्यांदा सांगतोय बाई. बरं, सांगतो. आठला पट्टा चालू केला. खोका वजनकाट्यावर येतो, वजन होतं, लेबल निघतं, चिकटवतात, खोका गाडीत. रोजचंच. आज मात्र लेबलं अशी भराभर बाहेर पडायला लागली की मी म्हटलं, वा, मशीनला कोणीतरी तेलपाणी केलेलं दिसतंय.

लीडबाई: आणि?

मुकादम: अकराला पहिला फोन. एका आजोबांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा मागवला होता, त्यांच्या घरी पाळणा गेला. म्हणतात, या वयात आमची थट्टा करता काय. दुसरा फोन पाळणा मागवलेल्यांचा. त्यांच्याकडे भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल. प्रत्येक खोक्यावर आधीच्या खोक्याचं लेबल, एकही चुकवलेला नाही. सहाशे बारा खोके.

साहेब: मुकादम, याचा इम्पॅक्ट आपल्याला थोडा व्यापक अर्थाने पाहायला हवा.

मुकादम: साहेब, व्यापक कसला, सगळ्या शहरभर पसरलाय तो. गाड्या परत फिरवल्यात. आमची माणसं जेवली नाहीत अजून.

लीडबाई: कशामुळे झालं, तुमचा काय अंदाज?

मुकादम: अंदाज कशाला, आमचा काटा म्हातारा आहे. खोका ठेवला की आठ-नऊ सेकंद आकडा थरथरतो, मग बसतो. तोवर लेबलाने थांबायचं असतं. आज ते थांबलंच नाही. हे पट्ट्यावरच्या कोणीही सांगितलं असतं. विचारलं असतं तर.

लीडबाई: ठेवते. जेवून घ्या तुम्ही सगळे.

साहेब: चांगला माणूस आहे. जरा तोंडाळ.

लीडबाई: सर, चार वाजेपर्यंत अहवाल वर पाठवायचाय. तुम्ही लिहिलाय म्हणालात. वाचा.

साहेब: वाचतो. चष्मा कुठे... हां. "आज सकाळी लेबल छपाई प्रणालीमध्ये काही अनपेक्षित वर्तन निदर्शनास आले. कार्यक्षमता वाढवण्याच्या दृष्टीने टीमने राबवलेल्या एका सुधारणेचा..."

लीडबाई: टीमने?

साहेब: आपण टीम आहोत ना.

लीडबाई: काल तुम्ही सगळ्या कंपनीला मेल पाठवलीत, तेव्हा नव्हतो आम्ही टीम. तेव्हा होतं, "मी शोधलेली एक छोटीशी गोष्ट". सोबत तक्ता. दोन हजार आठशे खोके, प्रत्येकी नऊ सेकंद, दिवसाला सात तासांची बचत. सहा रंगांत.

साहेब: पाच.

लीडबाई: प्रोग्राममधली एक ओळ उडवलीत आणि तिच्यावर तक्ता केलात. आम्ही वर्षाला हजारो ओळी लिहितो, आम्हाला कधी तक्त्यात एक बाण काढायचं सुचत नाही.

साहेब: सवय आहे गं. इतकी वर्षं तक्त्याशिवाय कोणी माझं ऐकलं नाही.

लीडबाई: पुढे वाचा.

साहेब: "मूळ कारण: मानवी चूक."

लीडबाई: कुठला मानव?

साहेब: तसं लिहायची पद्धत असते.

लीडबाई: माहितीये, तुमचीच पद्धत आहे. सर, प्रोग्राममध्ये स्वच्छ लिहिलं होतं, नऊ सेकंद थांब. ते वाचून तुमच्या मनात काय आलं, खरं सांगा.

साहेब: खरं सांगू? हसू आलं. म्हटलं, कोण गाढव मशीनला नऊ सेकंद झोपवून ठेवतं. वर काही टीप नाही, खुलासा नाही. तपासायला म्हणून टीममधल्या त्या दाढीवाल्याला दाखवलं, तो हो म्हणाला, मी ओळ उडवली.

लीडबाई: दाढीवाल्याला मघाशी विचारलं मी. म्हणतो, साहेब स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसले, त्यांना नाही कसं म्हणू. त्याने कोड पाहिलंच नाही, तुमचा चेहरा पाहिला.

साहेब: मी त्याला कुठे दमात घेतलं.

लीडबाई: तुम्हाला घ्यावं लागत नाही. इथे पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, माझी केबिन कुठली. दुसऱ्या दिवशी एका बटणाचा रंग बदलायचा होता, तर अकरा जणांची बैठक लावलीत.

साहेब: रंगाबद्दल मतं घ्यावीत म्हणून.

लीडबाई: आणि मग नेटवर ते "मुळांकडे परतताना" लिहिलंत. पद सोडून पुन्हा हातांनी काम करण्याचा आनंद वगैरे. चारशे लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली खाली. माझ्या मावसबहिणीने मला पाठवलं, बघ किती साधा माणूस आहे म्हणून.

साहेब: ते मनापासून होतं.

लीडबाई: सर, कंपनीने मधल्या फळीतल्या सगळ्या साहेबांची पदं काढली. एका हातात घरी जायचं पत्र ठेवलं, दुसऱ्या हातात कीबोर्ड. तुम्ही कीबोर्ड घेतलात, ठीक केलंत. पण त्याला मुळं म्हणू नका.

साहेब: मग काय लिहायला हवं होतं? एक्कावन्नाव्या वर्षी दोन बोटांनी टाइप करतो, असं? आईला अजून सांगितलेलं नाही मी. ती जिन्यात भेटेल त्याला सांगते, मुलाच्या हाताखाली साठ माणसं आहेत. रोज सकाळी डबा घेताना वाटतं, आज सांगू. मग ती म्हणते, तुझ्या माणसांना जरा सांभाळून घे रे.

लीडबाई: आणि तुम्ही डबा घेऊन निघता.

साहेब: भीती वाटते मला. सगळ्यांदेखत नाही म्हणणार, पण वाटते. शुक्रवारी माझी सहा आठवड्यांची चाचणीची मुदत संपते. मला ठेवायचं की नाही, तुझ्या एका सहीवर आहे सगळं. आणि या आठवड्यातच हे असं व्हायचं होतं.

लीडबाई: सही राहू द्या. आधी गाढव शोधू.

साहेब: कोण गाढव?

लीडबाई: ज्याने नऊ सेकंद लिहिले. प्रोग्रामचा इतिहास उघडा. कोणती ओळ कोणी, कधी लिहिली, सगळं राहतं त्यात. आम्ही ओळ काढण्याआधी बघतो तिथे. उजवीकडे. तिथे नाही, त्याच्या खाली.

साहेब: हे बघ, उघडलं. अकरा वर्षांपूर्वीची... अगं, ही तर तू.

लीडबाई: मी. हे गाढव.

साहेब: मला काय माहीत...

लीडबाई: इतिहासातच बघा, ओळीच्या वर काय होतं.

साहेब: टीप आहे. "काट्याचा आकडा बसायला आठ-नऊ सेकंद लागतात. तोवर लेबल काढू नये, आधीच्या खोक्याचं निघतं. ही तात्पुरती सोय. नीट काम करायला तीन आठवडे हवेत." मग ही आता का दिसत नाही?

लीडबाई: दीड महिन्याने कोणीतरी काढली. नाव वाचा.

साहेब: नको.

लीडबाई: वाचा ना. कालच्या मेलमध्ये आवाज चांगला मोठा होता तुमचा.

साहेब: मी आहे.

लीडबाई: ग्राहक आपला प्रोग्राम बघायला येणार होते. तुम्ही शनिवारी ऑफिसात बसून सगळ्या प्रोग्राममधल्या टिपा काढल्यात. मी समोर होते. म्हणालात, गिऱ्हाइकासमोर ही रडगाणी नकोत. पुढच्या सोमवारी तुम्हाला बढती मिळाली, वरच्या मजल्यावर गेलात. या प्रोग्रामला लावलेला तो तुमचा शेवटचा हात. त्यानंतर काल लावलात.

साहेब: म्हणजे जाताना मी टीप काढली, आणि परत आल्यावर ओळ काढली.

लीडबाई: सलग काम म्हणतात याला. मधे फक्त अकरा वर्षं गेली.

साहेब: मला खरंच आठवत नव्हतं गं.

लीडबाई: तुम्हाला कशाला आठवेल. मला आठवतं. मी तीन आठवडे मागितले होते. तुम्ही म्हणालात, दीड. तुम्ही कोणालाही निम्मेच द्यायचात. कोणी दहा दिवस म्हटलं की पाच, चार म्हटलं की दोन. आम्ही मग दुप्पट सांगायला लागलो, तर तुम्ही चौथा हिस्सा द्यायला लागलात.

साहेब: सगळेच तसं करायचे तेव्हा.

लीडबाई: मी नवी होते. मी खरं सांगितलं होतं, तीन म्हणजे तीन. दीड आठवड्यात काटा वाचायचं नीट काम होईना, म्हणून नऊ सेकंद थांबवलं. पुढे गोदाम ओरडलं, फार हळू चालतंय. तेव्हा तुम्ही वर अहवाल पाठवलात. त्यात मात्र "मानवी चूक" नव्हती. माझं नाव होतं. "अननुभवामुळे निकृष्ट काम." दोन वर्षं माझी बढती अडवली त्या ओळीने. माझे बाबा होते तेव्हा. त्यांना मी सांगितलं होतं, यंदा नक्की होणार.

साहेब: त्यांना कळलं?

लीडबाई: न कळायला काय झालं. पेढे नाहीत म्हटल्यावर कळतंच. ते काही बोलले नाहीत, एवढंच.

साहेब: मी माफी मागतो.

लीडबाई: माफी ठेवा तुमच्याकडे, अहवाल द्या मला. तीन वाजून गेलेत. अनपेक्षित वर्तन आणि टीम सोडून काय उरतं, ते लिहा.

साहेब: दे लॅपटॉप इकडे.

लीडबाई: हळू, बटणं तुटतील. कोणावर राग काढताय?

साहेब: माझ्यावरच. थांब, बोलू नकोस मधे. माझी लय जाते.

लीडबाई: बघा, लय आहे म्हणायची. दोन बोटांची.

मुकादम: (फोनवर) हॅलो, बाई? परत मीच. चारशे खोके आले माघारी. पण ते आजोबा पाळणा देत नाहीत.

लीडबाई: का?

मुकादम: म्हणतात, सुनेला सातवा लागलाय, आता आलाच आहे तर राहू दे. किती द्यायचे विचारतायत. गुडघ्याचा पट्टापण पाहिजे म्हणाले.

लीडबाई: दोन्ही द्या, आणि पाळण्यावाल्यांना नवा पाठवा. आणि मुकादम, तुमच्या काट्यासाठी कोणीतरी येईल तिकडे दोन-चार दिवस. शेजारी उभं राहून बघेल.

मुकादम: कोण येतंय? मागे असाच एक आला होता, पट्ट्याचे फोटो काढून गेला.

लीडबाई: तो नाही. ठेवते.

साहेब: झालं लिहून.

लीडबाई: वाचा.

साहेब: "लेबल थांबवणारी ओळ मी काढली. ती का आहे, हे मी प्रोग्रामच्या इतिहासात पाहिलं नाही आणि गोदामात विचारलं नाही. ओळीवरची खुलाशाची टीप अकरा वर्षांपूर्वी मीच काढली होती. ज्यांनी ही सोय केली, त्यांनी नीट कामासाठी तीन आठवडे मागितले होते. मी दीड दिला. तेव्हाच्या अहवालात मी त्यांच्या कामाला निकृष्ट म्हटलं. ते खोटं होतं. काम अपुरं राहिलं ते माझ्यामुळे."

लीडबाई: शेवटचं कशाला? ते मी मागितलं नव्हतं.

साहेब: माहितीये.

लीडबाई: सर, आजच्या सहाशे बारा खोक्यांवरून तुमची फार तर कानउघाडणी होईल. हे जुनं उकरलंत तर वरचे म्हणतील, या माणसाला ठेवायचंच कशाला. तुमच्या साठ माणसांपैकी तिघं आज वर बसतात. त्यांनीही तुमचे निम्मे दिवस भोगलेत. कोणी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

साहेब: नाहीच बोलणार.

लीडबाई: आणि आईला काय सांगाल?

साहेब: आज घरी जाऊन सांगतो. आधी हे जाऊ दे. तू दाबतेस का पाठवायचं बटण, का मी दाबू?

लीडबाई: तुम्ही दाबा. तुमचा अहवाल आहे.

साहेब: ... गेला.

लीडबाई: तीन चाळीस. वेळेआधी वीस मिनिटं. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रथमच झालं असेल.

साहेब: टोमणे आता शुक्रवारपर्यंतच पुरव. मी टेबल आवरायला घेतो. सामान फार नाही, एक मग आहे आणि मानेची उशी.

लीडबाई: बसा. एक विचारायचंय. त्या म्हाताऱ्या काट्याचा आकडा बसला की नाही, हे प्रोग्रामला आपलं आपण कळलं पाहिजे. नऊ सेकंद नको, पाच नको, जेवढा लागेल तेवढाच वेळ थांबायला हवं. गोदामात उभं राहून बघायचं, मग लिहायचं, वर टीप लिहायची आणि ती कोणी काढली तर त्याचे हात बांधायचे. तुम्हाला किती दिवस लागतील?

साहेब: मला?

लीडबाई: काट्याशी तुमचं जुनं नातं आहे.

साहेब: बघ, आधी काटा समजून घ्यायला हवा. मुकादमाबरोबर चार-पाच दिवस तरी. मग लिहिणं, आणि माझा वेग तुला माहितीये. मग तपासणं, सगळ्या वजनांच्या खोक्यांवर. उगाच आव आणून सांगत नाही, तीन आठवडे लागतील.

लीडबाई: हं.

साहेब: निम्मे कर हवं तर. तुझा हक्क आहे. पण शुक्रवारी तर माझी मुदतच संपते.

लीडबाई: तीन आठवडे म्हणालात ना? मग तीन आठवडे घ्या. नाहीतर विचारलं कशाला असतं.