राखणीची बंदूक

तानबा: …म्हून सांगून राह्यलो बाई, याचं सामान भेटत नाई. आष्टीत तं नाईच, नागपूरच्या दुकानदाराले फोन केलता. तो म्हणे, एअरसॉफ्टची शॉटगन? चिनी माल हाये काका, मोडला का फेकाचा.

सचिन: मी तेच म्हणतोय वहिनींना. दादासाठी मीच मोबाईलवरून मागवली होती. आता ते दुकानच मोबाईलवर दिसत नाही.

छाया: फेकाची असती तं इथवर आणली असती का, तानबाजी? तुम्ही शिलाई मशिनी सुधरवता, फवारणीचे पंप सुधरवता. हे तं प्लास्टिकच्या गोळ्याची खेळण्यातली बंदूक.

तानबा: खेळण्यातलीच अवघड राह्यते. पुढची मूठ फुटली, मुठीची सळई तुटली. बसा, चहा सांगतो.

छाया: मले नोका सांगू.

सचिन: दिवाळीपासून चहा सोडलाय त्यांनी. विचारलं तर काही सांगत नाहीत.

तानबा: बरं. पण इतकी सळई तुटली कायनं? कोणाच्या पायाखाली आली का?

सचिन: रानडुकरानं मोडली. दादाच्या हातात होती त्या दिवशी.

तानबा: हे ते बंदूक होय! अंकुशच्या मातीले आलतो मी. बंदुकीचं कोणी बोललं नाई, बाई. नाईतं असं इचारलं नसतं.

छाया: इचारलं तं इचारलं. मृगाचा बहार झाडावर हाये, तानबाजी. शिवरात्रीनंतर संत्रा तोडणीले येते. वानेरं रोज येऊन राह्यले. अन् भाऊजी म्हणते, बाईमाणसाले वानेर भेत नाई, झाडं काढून सोयाबीन पेरू.

सचिन: मग काय करू? मी नोकरी सोडून राखणीला बसू? घरी म्हाताऱ्या अण्णाजींना धड दिसत नाही. आणि दादाचं तसं झाल्यावर तुम्हाला एकटीला त्या बागेत सोडू? मला झोप लागत नाही, वहिनी.

छाया: तोडणीपर्यंत मी राखली तं झाडं राह्यतीन, असं कबूल केलं न तुम्ही?

सचिन: केलं.

छाया: मंग झालं. दुपारची राखण आंधीपासून माहीच होती. मूठ मागं ओढली का खटाक वाजे, वानेरं पळत. मले तेवढंच पायजे, तानबाजी.

तानबा: खोलून पाहू. तो लाल दांडीचा पेचकस दे, सचिनभाऊ. …आं?

सचिन: काय झालं?

तानबा: आत स्प्रिंगच नाई.

सचिन: त्या दिवशी पडली असेल कुठे.

तानबा: पडन कशी? सगळे स्क्रू जाग्यावर हायेत. कोणी काढली हाये. हे पाहा, तिच्या जागी बांबूचा तुकडा बसवला घासून. समोर पत्रा ठोकला, डब्याच्या झाकणाचा. मूठ ओढली का बांबू पत्र्यावर आपटे. तेच तुमचं खटाक.

छाया: अन् गोळी?

तानबा: स्प्रिंगशिवाय गोळी कुठून सुटन? बांबू काळा पडला, म्हंजे लय दिवसाचं काम हाये. तुम्ही घोडा नाई दाबला कधी?

छाया: कायले दाबू? मारुतीची जात हाये ते. मी नुसती वाजवत होती. …भाऊजी, ते पिल्लावाली वानेरीण आठवते?

सचिन: दादाची गोळी तिच्या पिल्लाच्या डोळ्याला लागली होती, तीच ना?

छाया: तेच. मी जेवली नाई तवा. त्याइच्याशी बोलली नाई. मंग एक दिवस ताट वाढून माह्यासमोर ठेवलं त्याइनं. म्हणे, आता आपल्या बंदुकीनं कोणाले लागत नाई, जेव. मले वाटलं, नेम चुकवून मारत असतीन.

तानबा: स्प्रिंग काढून टाकली त्यानं.

छाया: मले सांगतलं नाई. भरलेली बंदूक हातात हाये, असं समजून मी उभं राहावं म्हून नसन सांगतलं. मी भेकड होती न.

सचिन: म्हणजे त्या दिवशी दादाच्या हातात…

छाया: काईच नोतं. भाऊजी, घरामागंच तं बगीचा हाये. मी आइकून राह्यली होती. खटाक, खटाक, वाजतच होती. मी म्हटलं, वानेरं हाकलून राह्यले, येतेच आता. अन् मी चहा ठेवला.

सचिन: वहिनी, बस करा.

छाया: उकळला, गाळला, तरी वाजून राह्यली होती. मंग थांबली. मी दोन कप भरले.

तानबा: पानी पी, पोरी.

छाया: माह्यासाठी रिकामी केली त्याइनं. मी गुमान जेवली असती तं भरलेली राह्यली असती.

तानबा: खोटं नाई सांगत तुले. भरलेली असती तरी प्लास्टिकची गोळी हाये. डुकराच्या अंगावर माशी बसल्यासारखी. काई फरक पडला नसता.

छाया: डुकराले नसता पडला. पण त्याइले तं वाटलं असतं, आपण एक गोळी मारली म्हून.

तानबा: …माह्याजवळ एका मोडक्या बंदुकीची स्प्रिंग हाये. कापून बसवता येईन. मंग गोळी सुटन. बसवू?

सचिन: बसवा काका. हातात काहीतरी असू दे त्यांच्या.

छाया: नोका बसवू.

सचिन: हट्ट करू नका, वहिनी.

छाया: बाईले वानेर भेत नाई म्हणता न तुम्ही? मंग इतके दिवस कायले भेले ते? बंदुकीत तं काई नोतंच. मीच होती तिथं.

सचिन: ती वानरं होती. डुक्कर आलं तर?

छाया: म्हून तं आवाज पायजे मले. तेवढा करून द्या, तानबाजी.

तानबा: छत्रीची दांडी कापून सळई करतो. मूठ फवारणीच्या पंपाची लावतो, थोडी मोठी दिसन. बांबूले हात लावत नाई. चांगला बसवला हाये त्यानं. …सचिनभाऊ, इकडून धर. घट्ट. हं. घे पोरी, ओढून पाह्य.

[खटाक.]

तानबा: आधीसारखाच हाये का आवाज?

छाया: तसाच हाये.

सचिन: वहिनी, तोडणीपर्यंत राखा तुम्ही. झाडं काढायचं मी पुन्हा बोलणार नाही. दिवस कलला की मी घरीच असतो.

छाया: मंग अण्णाजीलेबी सांगून ठेवजा. थोडी वाजून थांबली तं समजजा वानेरं होते. अन् वाजतच राह्यली, तं चहा ठेवू नोका, भाऊजी. या पाहाले.