आईचं पान

चांगुणा : ...म्हनून म्हनते पंकजा, आज ते पान मला वाचू दे.

पंकजा : मावशी, वर्षावासातल्या ग्रंथवाचनाचा समारोप आहे. सगळं भिंगार येईल विहारात. आईच्या आठवणीत मी वाचावं असं मंडळानं सांगितलंय. तुम्हाला उगाच त्रास.

चांगुणा : तरास कसला? बरं, ही वही बघ. तुझ्या आईची. दवाखान्यात जाताना माझ्यापाशी ठिवली हुती.

पंकजा : महिना झाला तिला जाऊन. आत्ता देताय?

चांगुणा : धीर हुईना. उघड तर.

पंकजा : हे... प्रत्येक पानावर एकच मजकूर आहे.

चांगुणा : एकवीस बार लिवलाय. मागल्या साली समारोपाचं पान तिच्या वाट्याला आलं हुतं. साठीला आल्यावर अक्षर शिकलो आमी दोघी, रुपाली विहारात मोठ्या बायांचा वर्ग घेती तितं. तिला एकदा सगळ्यांम्होरं वाचायचं हुतं.

पंकजा : पण एकवीस वेळा?

चांगुणा : तूच लिवतीस की रविवारच्या पेपरात, अभ्यास कसा करावा ते. एक पान एकवीस दिवस लिहा, मोठ्यानं वाचा, घाई करू नका. तिनं कातरून पिठाच्या डब्याला चिकटवलंय.

पंकजा : पाहिलं मी ते. मला वाटलं, कौतुकानं लावलं असेल.

चांगुणा : कौतुक हुतंच. पर ती तसं करत बी हुती. भाकरी थापताना म्हनायची, भांडी घासताना म्हनायची. मी म्हनलं, भागिरथे, आता विहारातली कबुतरं बी हे पान बोलतील.

पंकजा : आणि समारोपाच्या दिवशी तिनं ते मलाच दिलं वाचायला. चष्म्याचा नंबर वाढलाय, दिसत नाही म्हणाली.

चांगुणा : तसं म्हनाली खरं.

पंकजा : दुसऱ्या दिवशी मी तिला सावेडीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर तोच निघाला. मीच म्हटलं, वयानं होतं असं कधीकधी. रिक्षात ती नुसती हसत होती.

चांगुणा : तिला चांगलं दिसत हुतं गं.

पंकजा : मग काय झालं होतं? तुम्ही शेजारीच बसला होतात.

चांगुणा : दुसऱ्या वळीवर ती अडली. तू पाहुणी म्हनून वर खुर्चीत बसली हुतीस. तिथनं शब्द सांगितलास. म्होरं पुन्ना अडली, पुन्ना सांगितलास. तिसऱ्या येळी ती अडली बी नव्हती, पंकजा. श्वास घेत हुती.

(पंकजा वही मिटते, पुन्हा उघडते.)

पंकजा : सगळे बघत होते. तिची फजिती होऊ नये, एवढंच होतं मनात.

चांगुणा : तिची?

पंकजा : नाही. माझी. प्राध्यापक मुलगी वर बसलेली आणि आई अक्षरं लावत वाचतेय. फोनवरही असंच करायचे मी. तिला शब्द सापडायच्या आत माझा तयार असायचा. आणि रविवारी लोकांना लिहायचे, घाई करू नका.

चांगुणा : तुला बोल लावायला न्हाई आले मी.

पंकजा : माहीत आहे. ती काही म्हणाली होती का नंतर?

चांगुणा : घरी जाताना म्हनाली, पंकजानं लई छान वाचलं. आन् दुसऱ्या दिवसापास्नं वही काढली न्हाई.

पंकजा : बाविसावं पान कोरंच आहे.

चांगुणा : व्हय.

पंकजा : मावशी, ही वही घेऊन चला. आज तुम्ही वाचा, तिच्याच अक्षरातलं. मंडळाला मी सांगते. मी खाली बायकांत बसेन.

चांगुणा : मी तिच्याहून कच्ची हाय. ध्यानात ठिव.

पंकजा : असू दे.

चांगुणा : मग म्होरंच बस. अडले तर हळूच सांगशील न्हवं?

पंकजा : नाही, मावशी. मी थांबेन.